पाणथळ जमीन आणि आपले घर



नामदेवरायांच्या या जन्मगावी, कयाधूच्या काठी, मी बोलणार आहे ते वाहत्या पाण्यावर नव्हे, जमिनीत ठाण मांडून बसलेल्या पाण्यावर. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. कामगार निवृत्त होतो, फंडाची रक्कम हाती येते आणि तो प्लॉट घेतो. स्वस्त प्लॉट बहुधा सखल असतो. सौदा वैशाखात होतो, तेव्हा जमीन कोरडी ठणठणीत असते. श्रावणात ती आपले खरे रूप दाखवते. पण तोवर फंड संपलेला असतो.

म्हणून इसार देण्यापूर्वी जमीन वाचावी. लव्हाळा किंवा पाणकणीस उगवले आहे काय? हातभर खड्डा खणावा. माती करडी असून तीत गंजासारखे तांबूस डाग दिसले, तर तेथे पाणी बराच काळ साचते असे समजावे. गावनकाशावर नाला पाहावा, सातबाऱ्यावर पोटखराबा पाहावा. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा कोठून जाते ते विचारावे. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यालाही विचारावे.

जागा पाणथळ निघाली तर लोक म्हणतात, मुरूम टाकू! मुरमाने पाणी नाहीसे होत नाही, ते शेजाऱ्याच्या घरात शिरते. शिवाय आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, भिंती तडकतात.

कायदा आहे. केंद्राच्या २०१७ च्या नियमांनी जाहीर झालेल्या पाणथळ जागांवर अतिक्रमणाला मनाई केली आहे. २०११ साली जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी राज्यांना योजना करायला सांगितले. ते प्रकरण गावतळ्याचेच होते. पण खाजगी प्लॉटांतल्या लहानशा खोलगट जागेचे नाव बहुधा कोणत्याच यादीत नसते. तिचा राखणदार आपणच.

तेव्हा एकेकट्याने सौदा करू नका. पाचपंचवीस जण मिळून घरबांधणी संस्था काढा. सखल तुकडा मोकळा ठेवा, घरे उंचवट्यावर बांधा, नाल्यावर रस्ता नेलात तर पुरेशी मोरी ठेवा. त्या तुकड्यात मुरलेले पाणी आसपासच्या विहिरींना लाभेल. मालक घाई करील; त्याला सांगा, एक पावसाळा पाहू, मग बोलू.