मत नसलेल्या खुर्चीचे मोल
(विहाराच्या वर्धापनदिनी पुनावळे येथे दिलेले भाषण)



आज मी मुलांविषयी बोलणार आहे, पण ऐकायचे आहे आई-बापांनी. मोठमोठ्या शाळा-कॉलेजांत हल्ली 'मॉडेल युनायटेड नेशन्स' नावाचा उपक्रम होतो. एक मुलगा भारताचा प्रतिनिधी होतो, दुसरी मुलगी ब्राझीलची. विषय दिला जातो, भाषणे होतात, ठराव लिहितात, मतदान घेतात. काही ठिकाणी स्वयंसेवी संस्थांनाही खुर्ची असते. त्या प्रतिनिधीला बोलता येते, मत मात्र देता येत नाही. म्हणून मुले ती खुर्ची नको म्हणतात. अमेरिका, रशिया सगळ्यांना हवे!

बंधू-भगिनींनो, आपला इतिहास मात्र त्या बिनमताच्या खुर्चीचाच आहे. १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. सरकार नव्हते, सत्ता नव्हती. तरी १९२८ साली या सभेने सायमन कमिशनपुढे आपले निवेदन ठेवले. १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन हे दोघेच अस्पृश्यांची बाजू मांडायला होते. पाठीशी बहुमत नव्हते, हाती फक्त पुरावा आणि अभ्यास होता.

पुढचे ऐका. १९४६ साली अमेरिकेतल्या नॅशनल नीग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केला. ही गोष्ट बाबासाहेबांच्या कानी आली. त्यांनी डुबॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाला पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. एका देशातल्या पीडितांची संस्था काय करते, ते दुसऱ्या देशातल्या पीडितांनी शिकून घ्यावे, ही ती दृष्टी.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेतील ७१ व्या कलमाने संस्थांशी सल्लामसलतीची वाट ठेवली आहे. ही वाट सोपी मात्र नाही. २००१ साली डर्बन येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली. तेथे दलित संस्थांनी जातीचा प्रश्न जगापुढे मांडला. सरकारांच्या जाहीरनाम्यात 'जात' हा शब्द आलाच नाही, पण संस्थांच्या मंचाने तो आपल्या जाहीरनाम्यात घेतला. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, वंशभेद निर्मूलन समितीने जन्माधारित भेदभावात जातही येते, असे स्पष्ट केले. इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क या संस्थेचा सल्लागार दर्जाचा अर्ज तर पंधराएक वर्षे प्रश्नोत्तरांत अडकला. डिसेंबर २०२२ मध्ये तो मंजूर झाला. चिकाटी म्हणतात ती हीच.

कोणी म्हणेल, खोट्या सभेत बोलून काय मिळते? पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या सिद्धार्थ कॉलेजात विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरत असे. जानेवारी १९५० मध्ये देशाचे कायदेमंत्री असलेले बाबासाहेब स्वतः त्या पार्लमेंटपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. त्यांना तो पोरखेळ वाटला नाही. सभेत उभे राहणे, विरोधकाचे ऐकणे, नियमाने बोलणे हे शिकल्यावाचून येत नाही.

आता आपल्या घरात या. आमच्या कंपनीतल्या, साईटवरच्या, घरकामाच्या पगारावर शिकणाऱ्या मुलांना अशा स्पर्धेची फी, कोट-टाय, येण्याजाण्याचा खर्च परवडत नाही. इंग्रजी अडखळते म्हणून पोर मागच्या बाकावर बसते. खरे संस्थांचे काम येथे आहे. संस्थांनी तीन गोष्टी कराव्यात. मुलांना खरी माहिती आणि खरी माणसे भेटवावीत. खर्चाचा भार उचलावा. आणि तिसरी, भाषण लिहून देऊ नये! लिहून दिलेले भाषण पाठ होते, विचार पाठ होत नाही.

आपल्या विहारातच चार रविवार ही सभा भरवू, मराठीत. विषय घेऊ पाण्याचा. २०१० साली संयुक्त राष्ट्रांनी स्वच्छ पाणी व स्वच्छता हा मानवी हक्क मानला. मुले देश होतील, पण एक गट सफाई कामगारांची संस्था होईल. त्या मुलांनी आधी वस्तीत जाऊन गटारात उतरणाऱ्या माणसाशी बोलावे, २०१३ चा हाताने मैला सफाईविरोधी कायदा वाचावा, मग सभेत उभे राहावे. बघा, मत नसतानाही सभा त्यांचेच ऐकेल.

तथागतांनी सम्यक वाचा सांगितली. खरे, वेळेवर आणि हिताचे बोलणे म्हणजे सम्यक वाचा. तीच शिकायची जागा हा विहार व्हावा. आई-बापहो, मुलीचेही नाव द्या, मुलाच्या आधी द्या.

एवढे बोलून आपली रजा घेतो. नमो बुद्धाय, जयभीम!