गरोदरपणात जांघ आणि कंबर दुखते तेव्हा

गरोदरपणात जांघेत, ओटीपोटाखालच्या हाडावर किंवा कमरेच्या खाली दोन्ही बाजूंना जी कळ येते, ती बहुतेक वेळा कटिभागाच्या सांध्यांची असते. या भागात हाडांचे एक कडे असते. त्याचा एक सांधा पुढे आणि दोन मागे, कण्याच्या तळाशी असतात. पुढच्या सांध्यातली फट एरवी ४ ते ५ मिलिमीटर असते, गरोदरपणात ती आणखी २-३ मिलिमीटर वाढते. बाळाला वाट मिळावी म्हणून शरीरानेच केलेली ही तयारी. मात्र सैल झालेल्या सांध्यांवर भार कमी-जास्त पडू लागला, की ते दुखतात. साधारण पाच गरोदर स्त्रियांपैकी एकीला हा त्रास होतो. बाळाला त्यापासून धोका नसतो.

यवतमाळ जिल्ह्यात कळंबसारख्या तालुक्यात हा भार कुठून येतो, हे शेतात दिसते. निंदताना उकिडवे बसून एकेक पाय पुढे सरकवायचा. वेचणीला दिवसभर वाकायचे, आणि कमरेला बांधलेली झोळी कापसाने जड होत जाते. ‘पोटुशीला दुखायचेच’ म्हणून घरात हे कानाआड केले जाते, आणि दुखणे वाढल्यावरच दवाखाना आठवतो.

निदानाला सहसा एक्स-रे लागत नाही. डॉक्टर स्त्रीला आडवे झोपवून पाय सरळ ठेवून वीतभर उचलायला सांगतात. तो उचलवत नसेल, आणि दोन्ही बाजूंनी कुल्ले हातांनी दाबून धरल्यावर सहज उचलला गेला, तर कुल्ल्यांना आधार देणाऱ्या पट्ट्याचा उपयोग होण्याची शक्यता असते. हा पट्टा पोटावर नव्हे, पोटाखाली कुल्ल्यांभोवती बांधायचा, आणि झोपताना सोडायचा.

खरा उपचार मात्र हालचालीत आहे. कूस बदलताना गुडघे जुळवून, खांदे आणि कंबर एकदमच वळवावी. गुडघ्यांत गोधडीची घडी ठेवावी. परकर उभ्याने एका पायावर तोल सांभाळत न घालता खाटेवर बसून घालावा. ऑटोत आधी बसावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. मोटरसायकलवर एका बाजूला बसणे टाळलेले बरे. कळंबच्या चिंतामणी मंदिराचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. तिथे दर्शनाला जाताना कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरावे. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना बरा पाय आधी. शौचाला खुर्चीचा कमोड मिळाला तर बराच आराम पडतो.

फिजिओथेरपिस्टकडून ओटीपोटाच्या तळाचे आणि कुल्ल्यांचे व्यायाम शिकून घ्यावेत. त्यासाठी यवतमाळला खेप पडली तरी ती वाया जात नाही. औषधांत पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. दुकानातून विचारून आणलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी गोळी टाळावी. विसाव्या आठवड्यानंतर ती बाळाच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. कॅल्शियमच्या गोळ्यांनी ही कळ थांबत नाही, तरी त्या बंद करू नयेत. पोट चोळून घेणे मात्र कधीच नको.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ताप, लघवीला जळजळ, ठरावीक वेळाने येणाऱ्या कळा, पोटरीला सूज, पायात बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, यांतले काहीही झाले तर मामला सांध्यांचा नाही. लगेच १०८ वर फोन करून रुग्णालय गाठावे. एरवीची तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत होते. आशाताई सोबत येतात.

या दुखण्यासाठी सिझेरियन सहसा लागत नाही. गुडघे किती फाकवले की दुखते, ते बाळंतपणाआधीच नर्सला सांगून ठेवावे. डाव्या कुशीवर झोपूनही प्रसूती होते. बहुतेकींचे दुखणे त्यानंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. तीन महिन्यांनंतरही पाऊल टाकताना कळ येत असेल, तर पुन्हा दाखवावे.