डेथ मेटलमधले दशावतार

ज्या अल्बमविषयी आज बोलणार आहे, तो या वेळेला रेडिओवर लावला तर निम्मे श्रोते संच बंद करतील. तेव्हा माझ्या सांगण्यावरच भागवून घ्या. अल्बमचं नाव ‘दशावतार’. मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या बँडनं तो २०१७ साली काढला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. शब्द इंग्रजी, आणि गायन म्हणाल तर बरंचसं घशाच्या तळातून काढलेली गुरगुर. आमच्या शिरूर अनंतपाळला हे पोचलं ते लातूरला क्लाससाठी राहणाऱ्या भाच्याच्या मोबाइलमधून. त्याच्या मामीला वाटलं, पोराच्या फोनचा स्पीकर फाटला.

आधी या संगीताचं घराणं सांगतो. डेथ मेटल ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात वाढलं. वेग, गोंगाट, विषय मरणाचे, आणि सुरेलपणाशी जवळजवळ वैर. पुढं स्वीडनमधल्या गोथेनबर्ग या बंदराच्या शहरात काही तरुण पोरांनी त्यात चाल घातली. १९९५ साली ‘अ‍ॅट द गेट्स’चा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ आणि ‘डार्क ट्रँक्विलिटी’चा ‘द गॅलरी’ आले. पुढच्या वर्षी ‘इन फ्लेम्स’चा ‘द जेस्टर रेस’. तिन्ही अल्बम ‘स्टुडिओ फ्रेडमन’मध्ये, फ्रेड्रिक नॉर्डस्ट्रॉम या एकाच माणसाच्या हाताखाली झाले. मग ते एकमेकांची भावंडं वाटतात यात नवल नाही. मेलोडिक डेथ मेटल म्हणतात ते हे.

आता यात ‘मेलडी’ कुठं आहे? मी गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, म्हणून पेटीच पुढ्यात ओढली. गाणाऱ्याकडं लक्ष द्यायचं नाही, दोन गिटार ऐकायच्या. एक चाल धरते, दुसरी तीच चाल एक स्वर सोडून वर वाजवते. पहिली षड्जावर असली तर दुसरी कोमल गंधारावर. पहिली ऋषभावर सरकली की दुसरी मध्यमावर. गंधार, धैवत, निषाद कोमल, बाकी शुद्ध. म्हणजे आपला आसावरी थाट! चार-दोन गाण्यांनंतर बोटं आपोआप पुढच्या स्वरावर जाऊन थांबायला लागतात. आणि ही जोडगिटारीची युक्तीसुद्धा गोथेनबर्गकरांची नव्हे. ती ‘आयर्न मेडन’ या इंग्रज बँडकडून आली, आणि त्यांच्याही आधी ‘थिन लिझी’ होतेच.

‘डेमॉनिक रिझरेक्शन’ २००० साली साहिल मखिजा यानं सुरू केला. गुरगुरणारा हाच गृहस्थ यूट्यूबवर ‘हेडबँगर्स किचन’ नावानं कीटो स्वयंपाक शिकवतो. तिथं आवाज चारचौघांसारखा. बँडचं संगीत निव्वळ गोथेनबर्गचं नाही, नॉर्वेच्या ब्लॅक मेटलचे भव्य कीबोर्डही त्यात आहेत. पण हे दोन्ही ऐकत वाढलेल्याला इथं नवं फारसं सापडणार नाही. सतार, तबला येतात, पण मूळ इमारतीला धक्का लावत नाहीत. काम मात्र पक्कं. ड्रम अफाट वेगात असूनही ठोका सुटत नाही, गिटारीचा प्रत्येक स्वर मोजून घ्यावा इतका स्वच्छ. भाचा म्हणाला, “मामा, ओरिजिनल काही नाही हो यात, पण भारी आहे.” तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवून ‘लातूर पॅटर्न’ गाजवणाऱ्या जिल्ह्यातल्या पोरानं ही तक्रार करावी!

सिंधुदुर्गात दशावतारी मंडळी जत्रेत रात्रभर खेळ करतात. सुरुवातीच्या आडदशावतारात संकासुर वेद पळवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. बघणाऱ्यांना हे पाठ असतं. गोष्ट जुनी आहे म्हणून कोणी उठून जात नाही; संकासुर नाचला कसा, भटजीची फिरकी घेतली कशी, हे बघायला लोक जागतात. त्याच हिशोबानं मी या अल्बमच्या उसन्या चाली माफ करतो.

नववं गाणं मात्र माफ करवत नाही. ते बुद्धावर आहे. बुद्ध म्हणजे विष्णूचा अवतार, ही पुराणातली यादी बँडनं जशीच्या तशी उचलली. महाराष्ट्रात ही साधी बाब नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी एक नेमकी हीच समजूत नाकारते, आणि ती प्रतिज्ञा मानणारी माणसं मराठवाड्यात गावोगाव आहेत. दुसरीकडं, आपल्या जुन्या पंचांगांतल्या आणि काही देवळांतल्या दशावतारांत नवव्या जागी कमरेवर हात ठेवून विठोबा उभा असतो. एकाच जागेवर एवढी ओढाताण! मुंबईच्या बँडला हे परकं नव्हतं. गिटार उसनी घ्या, ड्रम उसने घ्या. पण इथं थोडं थांबून विचार केला असता, तर गोथेनबर्गला सुचलंच नसतं असं गाणं झालं असतं.

तरीही कुणाला ऐकायचाच असेल, तर पहिल्यापासून सुरू करू नका. थेट चौथं गाणं लावा. तिथं नरसिंह आहे, आणि गुरगुरण्याला वेगळं कारण शोधावं लागत नाही.