भोपळ्याला घाई चालत नाही
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मला सांगितलं होतं, "तारपा घेऊन ये आणि दोन शब्द बोल." तारपा आणलाय. दोन शब्दांचे चार होतील, सांभाळून घ्या.

दहावीच्या स्नेहसंमेलनातली माझी फजिती तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. आपण तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतो, पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. तारपानृत्य बसवायचं ठरलं आणि मी फुशारकीनं हात वर केला, "तारपा मी आणतो." आजा घरी तारपे बनवायचा, म्हणून मला वाटलं आठ दिवसांत होईल.

आजा म्हणाला, "भोपळा अजून वेलावर आहे."

तारपा करायला वेळ लागतो तो सामान तयार करण्यात. भोपळा वेलावरच जून व्हावा लागतो, देठ वाळेपर्यंत. मग घरात, चुलीच्या धुराच्या वाटेवर टांगायचा. आतला गर आणि बिया सुटून खुळखुळायला लागल्या की वाळला समजायचं. बांबू निदान तीन पावसाळे पाहिलेला हवा आणि पाऊस सरल्यावर तोडलेला. कोवळ्या बांबूत गोडवा असतो, त्यावर भुंगा येतो आणि आतून पीठ करतो. तोडलेला बांबू ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला की तो गोडवा निघून जातो. नंतर सावलीत वाळवायचा. उन्हात टाकला तर तडकतो. फुंकायच्या भोपळ्यात दोन नळ्या बसतात, त्यांच्या तोंडाशी बांबूच्याच पातळ जिभल्या. सांधे मधमाशांच्या मेणानं बुजवायचे. खालचा कर्णा ताडाच्या पानांचा, एकावर एक गुंडाळत नेलेला. एवढं सगळं जमलं, तर जोडणी दोन दिवसांची.

मी अर्धा कच्चा भोपळा तोडला, चुलीवर धरून वाळवला आणि बाजारातून बांबूचा तुकडा आणला. आजानं पाहिलं, पण अडवलं नाही. ते मला अजून कळलेलं नाही. स्टेजवर पहिलाच फुंकर मारला, भोपळा देठाशी चिरला आणि नुसती हवा गेली. मुलं-मुली एकमेकांच्या कमरेला हात घालून उभी. मग सरांनी ढोलकीवर वेळ मारून नेली. तुम्ही हसलात, त्याचा राग तेव्हा होता.

पुढच्याच पावसाळ्यात आजा गेला. मी नोकरीनिमित्त बाहेर, घर पडलं आणि वेलही गेला. जव्हारच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचा तारपा आता दूरवर पोचलाय. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या चित्रांतला तारप्याभोवतीचा फेर जगानं पाहिला. हॉटेलांच्या भिंतींवरही तारपे दिसतात, छान पॉलिश केलेले. एकदा एक हातात घेतला, तर आत जिभल्याच नव्हत्या! मला मात्र आजाचा भोपळा हवा होता, जाड सालीचा, लांब मानेचा. बाजारातल्या बियाण्याचे दुधी भाजीला चांगले, वाळले की पापडासारखे.

तो सापडला आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीकडे, खोडाळ्याच्या बाजूला. नाव घेतलं तर रागावेल. तिच्या आईनं आजाकडून मूठभर बी मागून नेलं होतं आणि दरवर्षी एक भोपळा बियाण्यासाठी राखला. इतकी वर्षं. मला काही माहीतच नव्हतं.

हा तारपा त्याच वेलाचा. बांबू दोन वर्षांपूर्वी तोडलेला. जोडणी माझी, म्हणून सांध्यातून थोडी हवा जाते. जेवणानंतर मेण गरम करून बुजवतो, मग फेर धरू.

मागच्या टेबलावर बियांच्या पुड्या आहेत. पहिला पाऊस पडला की लावा, वेल छपरावर किंवा मांडवावर चढवा. जमिनीवर राहिला तर भोपळा एका बाजूनं चपटा होतो आणि कुजतो. एक भोपळा बियाण्यासाठी ठेवायचा, भाजी कितीही आवडली तरी. ज्यांना जागा नाही त्यांनी पुडी घेऊ नये, पुड्या थोड्याच आहेत.