वीस सामन्यांचा हिशेब

श्रोतेहो, फुटबॉलवर बोलावयास दोंडाईचाच्या एका निवृत्त शिक्षकाने यावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. आमचे गाव मिरचीच्या बाजाराबद्दल ओळखले जाते, खेळाबद्दल नव्हे. परंतु एके दिवशी भाव चढला म्हणून हंगाम साधला, असे कोणी शहाणा व्यापारी म्हणत नाही. साखळी स्पर्धेचेही तसेच आहे. बाद पद्धतीत एखादा दिवस नशिबाचा निघाला तरी काम भागते. साखळीत प्रत्येक संघाशी दोनदा गाठ असते आणि अखेरीस गुण मोजले जातात.

इंडियन सुपर लीगच्या २०२०-२१ च्या हंगामात मुंबई सिटी या संघाने ही साखळी जिंकली. आरंभ मात्र अशुभ झाला. २१ नोव्हेंबर २०२० रोजी नॉर्थईस्ट युनायटेडशी झालेल्या पहिल्याच सामन्यात अहमद जाहू हा मध्यफळीचा आधारस्तंभ मध्यंतरापूर्वीच मैदानाबाहेर घालविला गेला आणि एका गोलाने हार पत्करावी लागली. त्यानंतर मात्र हा संघ लागोपाठ बारा सामने अपराजित राहिला!

प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा हे स्पेनचे. पूर्वी बार्सिलोनाच्या संस्थेत काम केलेले. चेंडू दूर भिरकावण्यापेक्षा लहान लहान पासांनी तो आपल्याच ताब्यात राखावा, ही त्यांची शिकवण. हिचे माहेर हॉलंडात आहे. योहान क्रायफ या डच खेळाडूने ती बार्सिलोनात रुजविली. आदल्या हंगामात लोबेरा गोव्याच्या संघाकडे होते. जाहू, फाल, बूमू आणि मंदार राव देसाई हेही त्या संघातून मुंबईकडे आले. गोवेकरांनी यावर नाक मुरडले असेल, तर त्यांस दोष कसा द्यावा?

त्या वर्षी करोनाच्या साथीमुळे सर्व सामने गोव्यातील तीन मैदानांवर, रिकाम्या सज्जांसमोर खेळविले गेले. मुंबईच्या संघाचा एकही सामना मुंबईत झाला नाही. टाळी नाही, आरोळी नाही. अशा स्थितीत महिनोन्‌महिने एकाग्रता टिकविणे किती कठीण, हे रिकाम्या वर्गात पाठ घेऊन पाहणाऱ्यासच कळेल.

२८ फेब्रुवारी २०२१ रोजी बांबोळीस साखळीतील अखेरची लढत झाली. समोर एटीके मोहन बागान. त्यांचे ४० गुण, मुंबईचे ३७. त्यांस बरोबरीही पुरेशी होती. सातव्याच मिनिटास फालने डोक्याने गोल केला, मध्यंतरापूर्वी ओग्बेचेने दुसरा. दोघांचेही ४० गुण झाले. परंतु जानेवारीतील परस्परांमधील सामनाही मुंबईने १-० असा जिंकला असल्याने साखळीची ढाल तिच्याकडे गेली. जानेवारीतील त्या एका गोलाचे मोल असे फेब्रुवारीत वसूल झाले.

१३ मार्च रोजी फातोर्ड्यास याच दोन संघांत करंडकाचा अंतिम सामना झाला. बिपिन सिंगने ९० व्या मिनिटास गोल करून तोही २-१ असा जिंकून दिला. एकाच हंगामात ढाल व करंडक दोन्ही मिळविणारा हा पहिला संघ होय. वर्तमानपत्रांस अंतिम सामना अधिक रुचतो, पण माझ्या मते खरी कसोटी ढालीचीच. आशियाच्या चॅम्पियन्स लीगचा दरवाजाही ढालीनेच उघडला. तेथे ११ एप्रिल २०२२ रोजी मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरविले. त्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत भारतीय संघाने मिळविलेला तो पहिला विजय.