डोळ्यांची राखण : घरचे उपाय आणि त्यांची मर्यादा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून उन्हाळ्यातील संध्याकाळी चार शहाण्यांचे विचार ऐकावयास जमण्याची सवय महाराष्ट्राला लागली. त्या व्यासपीठांवरून स्वराज्य, समाजसुधारणा, वाङ्मय असे मोठमोठे विषय गाजले. त्यांच्या मानाने आमचा आजचा विषय अगदी घरगुती, किंबहुना स्वयंपाकघरातला आहे. परंतु हे मोठे विषय वाचावयाचे तेही डोळ्यांनीच, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यास येथे जागा देण्यास कोणाची हरकत नसावी.

डोळ्यांच्या बाबतीत आपल्या समाजात दोन पक्ष दिसतात. एक म्हणतो, निसर्गाने डोळा दिला, तोच त्याला सांभाळील; आजीच्या बटव्यात सर्व काही आहे. दुसरा म्हणतो, घरच्यांना काय कळते? डोळा म्हणजे डॉक्टरांचे काम. आमच्या मते दोघेही अर्धे खरे आहेत, आणि अर्धे खरे हे पुष्कळदा पुऱ्या खोट्यापेक्षा महाग पडते. म्हणून आम्ही विषयाचे तीन भाग करतो. काही गोष्टी घरानेच करावयाच्या असतात. त्या कोणताही दवाखाना करू शकत नाही. काही घराने कधीच करू नयेत. आणि काही घराने केवळ ओळखावयाच्या व विलंब न लावता तज्ज्ञाच्या हवाली करावयाच्या.

पहिली गोष्ट आहाराची. डोळ्याच्या आत मागील बाजूस दृष्टिपटल असते. अंधुक उजेडात पाहण्यासाठी त्यात एक रंगद्रव्य असते. उजेड पडला की ते विटते आणि पुन्हा तयार व्हावे लागते. ते तयार होण्यास 'अ' जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की संध्याकाळी मूल ठेचकाळू लागते, अंगणात टाकलेला चेंडू त्याला सापडत नाही. हाच रातांधळेपणा. तेवढ्यावर लक्ष दिले नाही तर डोळ्याचा पांढरा भाग कोरडा व निस्तेज होतो, त्यावर साबणाच्या फेसासारखे ठिपके दिसतात, आणि शेवटी बुबुळ मऊ पडून डोळा कायमचा जातो. जॉर्ज वॉल्ड या शास्त्रज्ञाने या जीवनसत्त्वाचे दृष्टिपटलातील कार्य उलगडले आणि १९६७ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु आपल्या सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात रातांधळेपणावर शेळीच्या यकृताचा उपयोग फार पूर्वीच सांगितलेला आहे. कारण ठाऊक नव्हते, पण निरीक्षण अचूक होते. यकृत हे या जीवनसत्त्वाचे कोठारच होय.

आता आपल्या या पट्ट्याकडे पाहा. सातपाटीपासून डहाणूपर्यंत समुद्र मासळी देतो. माशाच्या यकृताच्या तेलात हे जीवनसत्त्व विपुल असते. ज्यांना मासळी वर्ज्य, त्यांनी खंत करू नये. आपल्या वाडीच्या कुंपणाला जो शेवगा उभा असतो, त्याच्या शेंगा आपण आवडीने खातो आणि पाला मात्र टाकून देतो. डोळ्यांच्या दृष्टीने तो पालाच मोलाचा. अळू, तांबडा माठ, मेथी, लाल भोपळा, पिकलेली पपई, पिकलेला आंबा, गाजर या सर्वांत 'अ' जीवनसत्त्वाचा कच्चा माल असतो. एवढेच की तो स्निग्ध पदार्थाबरोबर अंगी लागतो. भाजीला चमचाभर तेलाची फोडणी म्हणजे केवळ चवीची हौस नव्हे. अंड्याचा बलक आणि दूध यांत ते तयार स्वरूपात मिळते.

पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, पण त्याच्या पोटातले अंतर तसेच आहे. माहीमच्या बागायतीपासून काही तासांच्या वाटेवर जव्हार-मोखाड्याचे पाडे आहेत, आणि तेथील बालकांच्या कुपोषणाची वार्ता १९९२ सालच्या वावर-वांगणीपासून महाराष्ट्र ऐकत आला आहे. भुकेले मूल गोवराने आजारी पडले की त्याचा उरलासुरला जीवनसत्त्वाचा साठा संपतो आणि काही दिवसांत डोळे धोक्यात येतात. अशा वेळी पथ्य म्हणून अन्न तोडणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. सरकारने १९७० पासून लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देण्याची योजना चालविली आहे. नवव्या महिन्यात पहिला डोस, पुढे दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांचे होईपर्यंत एकूण नऊ. आपल्या घरी येणाऱ्या मोलकरणीच्या, वाडीवर राबणाऱ्या मजुराच्या मुलाला ते मिळाले का, एवढे विचारणे हीही डोळ्यांची राखणच आहे. मात्र एक इशारा. हे जीवनसत्त्व शरीरात साठते. गरोदर स्त्रीने सल्ल्यावाचून त्याच्या गोळ्या किंवा यकृताचे तेल घेऊ नये. गर्भास अपाय होतो. आणि पोटभर खाणाऱ्या माणसाने गाजरांचा ढीग संपविला म्हणून त्याच्या चष्म्याचा नंबर उतरत नाही.

नंबराचा विषय निघालाच आहे, तर त्यासंबंधी बोलू. लहान मुलांचा दूरचा नंबर का वाढतो? डोळ्याचा गोलक वाढीच्या वयात लांबट होतो, म्हणून दूरची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. अलीकडच्या संशोधनाने एक फार सुखाची गोष्ट पुढे आणली आहे. जी मुले दिवसाचा पुरेसा वेळ मोकळ्या उजेडात घालवितात, त्यांच्यात हा दोष कमी प्रमाणात सुरू होतो. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर काढण्याचा उपक्रम हाती घेतला. आपल्याला त्यासाठी योजना नको. केळवे-माहीमचा किनारा, सुरूची बने, गावची मैदाने फुकट आहेत. मुलाच्या हातातील मोबाईल काढून घ्यावयाचा तर त्याच्या हाती दुसरे काही दिले पाहिजे. विटीदांडू द्या, सायकल द्या. वाचताना पुस्तक हातभर दूर असावे, दर वीस मिनिटांनी खिडकीतून लांबच्या झाडाकडे थोडा वेळ पाहावे आणि पापण्या मिटाव्या-उघडाव्या. टक लावून पडद्याकडे पाहताना आपण पापणी लववावयाचे विसरतो. डोळ्यांची जळजळ पुष्कळदा एवढ्यानेच होते.

येथे निसर्गोपचाराच्या एका पंथाविषयी बोलणे प्राप्त आहे. अमेरिकेतील डॉ. विल्यम बेट्स यांनी १९२० साली चष्म्याशिवाय निर्दोष दृष्टी मिळते असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला. आल्डस हक्स्ली यांच्यासारख्या लेखकाने १९४२ साली त्याचा पुरस्कार केला, आणि आपल्याकडेही त्या व्यायामांना पुष्कळ अनुयायी लाभले. तळहातांनी डोळे झाकून स्वस्थ बसणे, दृष्टी जवळून दूर फिरविणे यांनी थकलेल्या डोळ्यांना विसावा मिळतो. तेवढे जरूर करावे. परंतु लांबलेला गोलक व्यायामाने आखूड होत नाही आणि चाळिशीनंतर ताठरलेले भिंग पुन्हा लवचिक होत नाही. सूर्याकडे पाहण्याचा उपदेश तर सर्वस्वी त्याज्य; त्याने दृष्टिपटल भाजते आणि भाजलेले दृष्टिपटल पुन्हा नवे होत नाही. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, ही समजूतही टाकून द्यावी. उलट, लहानपणी ज्या डोळ्याला नंबर असून चष्मा मिळत नाही, तो डोळा पाहावयास शिकतच नाही आणि सात-आठ वर्षांनंतर त्यास शिकविणे फार कठीण जाते.

याची परीक्षा घरी करता येते. भिंतीवरील कॅलेंडर दहा फुटांवर ठेवा. मुलाचा एक डोळा तळहाताने झाका आणि दुसऱ्याने तारखा वाचावयास सांगा. मग उलट करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून केलेली परीक्षा फसवी असते, कारण चांगला डोळा वाईटाचे दोष पोटात घालतो. मोठ्या माणसांनीही महिन्यातून एकदा असे करावे. एका डोळ्याने पाहता खिडकीचे सरळ गज वाकडे दिसू लागले, तर ते वयाचे लक्षण म्हणून सोडू नये.

आता दुसरा भाग, घराने काय करू नये. डोळ्यात मध, कांद्याचा रस, पाल्याचा रस, आईचे दूध, गुलाबपाणी घालू नये. हे पदार्थ पोटात जातात तेव्हा जठर जंतूंचा समाचार घेते. डोळ्यात तशी व्यवस्था नाही. डोळा धुवावयाचा तर मिटलेल्या पापण्यांवर स्वच्छ थंड पाणी मारावे, एवढे पुरे. काजळाविषयी आमच्या भगिनींचा राग ओढवून घ्यावा लागणार आहे. निरांजनावर धरलेले घरचे काजळ हौसेने पापणीबाहेर लावावे. परंतु तान्ह्या बाळाच्या डोळ्यात बोटाने काजळ घालू नये. बोटाच्या नखाबरोबर जंतू जातात. बाजारी सुरम्यात पुष्कळदा शिसे असते, आणि शिसे हे मुलाच्या मेंदूचे वैरी आहे. दृष्ट लागू नये म्हणून तीट गालावर लावा, डोळ्यात नको.

१९७१ साली बंगालमध्ये डोळे येण्याची मोठी साथ आली तेव्हा लोकांनी तिला 'जय बांगला' असे नावच देऊन टाकले. आपल्याकडे २०२३ च्या पावसाळ्यात तशीच लाट येऊन गेली. डोळे आले की औषधाच्या दुकानात जाऊन मागच्या वेळचेच थेंब द्या, म्हणणारे आपणच असतो. त्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने लाली चटकन उतरते, आणि आतील संसर्ग मात्र बळावतो. दीर्घकाळ घातल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो. साथीत वेगळा टॉवेल, वेगळी उशी आणि वारंवार हात धुणे हेच खरे घरगुती औषध. दुखणे वाढले, उजेड सहन होईना किंवा दृष्टी अंधुक झाली, तर डॉक्टर गाठावा.

तिसरा भाग आपल्या गावाशी फार निकटचा आहे. माहीम म्हणजे पानवेलींचे गाव. पान आले की चुना आला. ती चुन्याची लहानशी पुडी वा नळी मुलाच्या हाती खेळणे म्हणून जाते, तो ती दाबतो, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. आम्लाने डोळा भाजतो तेव्हा वरचा थर गोठून पुढची वाट काही अंशी अडते. चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ मात्र ऊतींतील स्निग्धांशाचा साबण करीत आत आत शिरत राहतो. येथे मिनिटांचा हिशेब आहे. अशा वेळी तूप नको, लिंबू नको, रिक्षा शोधीत धावणेही नको. प्रथम मूल आडवे करा, पापण्या उघड्या धरा, आणि कळशीतले, नळाचे, हाती येईल ते स्वच्छ पाणी सतत अर्धा तास ओतीत राहा. दिसतील ते चुन्याचे कण ओल्या कापडाच्या टोकाने काढा. आणि मग तडक दवाखाना. वरच्या पापणीखाली अडकलेले कण तेथेच निघतात. आम्हांस विचाराल तर आजच्या व्याख्यानातून एवढी एकच गोष्ट घरी नेलीत तरी आमचे येणे सार्थकी लागले. आणि चुन्याची डबी आजपासून फळीवर, मुलाच्या हाताबाहेर.

वाडीत काम करताना फांदी लागते, मळणीत भाताचे कुसळ डोळ्यात जाते. बुबुळावर ओरखडा उठतो आणि त्यात बुरशी रुजते. आठवडाभर दुर्लक्ष केले की डोळ्यात फूल पडते आणि ते आयुष्यभर राहते. तेव्हा पाल्याकाडीचा मार लागून डोळा दुखत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. इकडे बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत वेल्डिंग आहे, ग्राइंडिंग आहे, रसायने आहेत. संरक्षक चष्मा गैरसोयीचा वाटतो हे आम्ही जाणतो. परंतु डोळ्यावाचूनची गैरसोय त्याहून मोठी. रात्री घरी आलेल्या मुलाला त्याच्या आईने 'जेवलास का?' असे विचारावे, तसेच 'चष्मा लावला होतास का?' हेही विचारावे.

उतारवयाविषयी थोडक्यात. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील भिंग गढूळ होणे. सुश्रुताने डोळ्याचे ७६ रोग सांगितले आणि गढुळलेल्या भिंगावर शस्त्रक्रियाही वर्णिली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे तुकडे शिरूनही डोळा बिघडत नाही, हे पाहून लंडनच्या हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली त्याच जातीचे कृत्रिम भिंग डोळ्यात बसविले. आजची सोपी शस्त्रक्रिया त्याचीच वंशज. मोतीबिंदू विरघळविणारे थेंब अद्याप निघालेले नाहीत. जाहिरातींना भुलू नये. काचबिंदू मात्र चोर आहे. तो दुखत नाही, कडेची दृष्टी हळूहळू चोरतो, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. चाळिशीनंतर चाळशी करावयास जाल तेव्हा डोळ्यातील दाबही मोजून घ्या. घरात कोणाला काचबिंदू असेल तर अवश्य. मधुमेह असणाऱ्याने, नजर स्वच्छ असली तरीही, वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यावे. एकाएकी डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे होऊन काळे ठिपके नाचू लागले किंवा कडेने पडदा उतरू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

श्रोतेहो, २०२४ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपरीचा सार्वजनिक धोका दूर झाल्याचे मान्य केले. एके काळी लक्षावधी डोळे घेणारा हा रोग केवळ औषधांनी हटला नाही; स्वच्छ पाणी, धुतलेले तोंड आणि माश्या हटविलेले अंगण यांनीही तो हटविला. म्हणजे घराने आपले काम केले आणि दवाखान्याने आपले. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये, एवढेच आमचे सांगणे. ताटात पालेभाजी असावी, मूल उन्हात खेळावे, चुन्याची डबी वर ठेवावी, आणि शंका येताच पाय दवाखान्याकडे वळावेत.