कन्येचे नाव आणि कन्येचा वाटा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाने चार शब्द बोलण्याची आज्ञा केली व विषय निवडण्याची मोकळीक दिली, याबद्दल मी कार्यकारिणीचा आभारी आहे. शिक्षण, हुंडा, व्यसनमुक्ती हे आपल्या मेळाव्यांचे नेहमीचे विषय. आज मी त्याहून लहान दिसणारा विषय घेतला आहे; तो म्हणजे मुलींची नावे. बारशाच्या दिवशी मुलीचे नाव ‘किरण’, ‘शशी’ किंवा ‘मनू’ असे ठेवले की वडीलधारी मंडळी कुरकुरतात, ‘हे तर मुलाचे नाव!’ आणि मुलीचे वडील अभिमानाने उत्तर देतात, ‘आम्ही हिला मुलगाच मानतो.’ या दोन्ही वाक्यांचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाकडे वळू. जन्म शिक्षकी पेशात गेल्यामुळे दाखल-खारीज रजिस्टरात ‘किरण’ हे नाव लिहिताना मागे ‘कुमार’ लावावे की ‘कुमारी’, हा प्रश्न मला परिचयाचा आहे. किरण हा शब्द व्याकरणाने पुल्लिंगी. यष्टिरक्षक किरण मोरे पुरुष, तर १९७२ साली भारतीय पोलीस सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला अधिकारी किरण बेदी. नाव एकच, आणि त्यामुळे दोघांपैकी कोणाचेही काही अडले नाही. कमल, कुसुम, सुमन हे शब्द तर नपुंसकलिंगी. तरी आपल्याकडे ती मुलींची नावे झाली. तेच ‘कमल’ उत्तरेत पुरुषाचे नाव आहे. तात्पर्य, नावाचे लिंग व्याकरण ठरवीत नाही, वहिवाट ठरविते.

आपल्या पूर्वजांची वहिवाट तर याहूनही मोकळी होती. मूळ नाव एक, आणि पुढे ‘राव’, ‘जी’ किंवा ‘बाई’ जोडले की काम भागे. विठ्ठलावरून विठाबाई झाली, रखुमाईवरून रखमाजी झाला. सीताराम, गंगाराम, तुळशीराम हे पुरुष देवीचे, नदीचे अथवा तुळशीचे नाव आधी घेतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मातोश्री भीमाबाई आणि पुत्र भीमराव. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या महात्मा फुल्यांचे नाव जोती. आज ‘ज्योती’ म्हटले की आपल्यासमोर मुलगीच उभी राहते. वारकऱ्यांनी विठोबाला ‘विठाई’ आणि ज्ञानेश्वरांना ‘माउली’ म्हटले, तेव्हा देवाचे वा संताचे पुरुषत्व कमी झाले असे कोणालाही वाटले नाही.

मनुस्मृतीत मात्र स्त्रियांच्या नावांचा नियम सांगितला आहे. ते उच्चारास सुलभ, मंगल आणि दीर्घ स्वरान्त असावे, असा त्याचा आशय. गंमत अशी, की झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मणिकर्णिका आणि लाडाचे नाव ‘मनू’. २०२४ साली पॅरिस येथील ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत दोन कांस्यपदके मिळविणारी कन्याही मनू भाकरच. ज्या मनूने स्त्रियांच्या नावांचे नियम सांगितले, त्याचेच नाव कन्यांनी घेऊन टाकले!

हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. जर्मनीत नावावरून मूल मुलगा की मुलगी हे कळलेच पाहिजे, असा दंडक सरकारी नोंदणी कार्यालये पाळीत असत. भारतीय वंशाच्या एका कुटुंबाने आपल्या मुलीचे नाव ‘किरण’ ठेवले व कार्यालयाने ते नाकारले. प्रकरण तेथील संविधान न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, नावावरून लिंग कळलेच पाहिजे असे कायद्यात कोठेही नाही. नाव मुलीच्या हिताला बाधक नसेल तर आईवडिलांना ते ठेवता येईल. शीख बांधवांत तर एकच नाव मुलालाही आणि मुलीलाही ठेवतात. पुढच्या ‘सिंग’ आणि ‘कौर’ यांवरून ओळख पटते. भारताच्या पुरुष हॉकी संघाने २०२४ साली ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले ते हरमनप्रीत सिंग यांच्या नेतृत्वाखाली, आणि २०२५ साली नवी मुंबईत महिला क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तो हरमनप्रीत कौर यांच्या नेतृत्वाखाली. तेव्हा वडीलधाऱ्यांनी नावापायी जीव कष्टवू नये, अशी माझी त्यांना नम्र विनंती आहे.

आता दुसऱ्या वाक्याकडे येतो. ‘आम्ही हिला मुलगाच मानतो’ हे वाक्य ऐकताना गोड वाटते; पण त्याचा अर्थ लावून पाहा. मुलगी म्हणून ती पुरेशी नाही, मुलगा मानल्यावर पुरेशी होते, असाच तो अर्थ निघतो. लक्ष्मीबाईंच्या पराक्रमाचे वर्णन करतानाही ‘पुरुषासारखी लढली’ असे म्हटल्याशिवाय आपले समाधान होत नाही. उलट एखाद्या मुलाचे नाव ‘कमल’ किंवा ‘सुमन’ ठेवा बरे! शाळेत त्याला सळो की पळो करून सोडतील. इंग्रजांतही हेच घडले. लेस्ली, बेव्हर्ली, ॲशली ही पूर्वी मुलांची नावे. ती मुलींना ठेवू लागताच मुलांना ठेवणे आईबापांनी हळूहळू सोडून दिले. म्हणजे मुलीने मुलाचे नाव घेतले तर ती वर चढली, आणि मुलाने मुलीचे घेतले तर तो खाली उतरला, अशी आपली समजूत. पूर्वजांचा रखमाजी ज्या वाटेने आला, ती वाट आपण बंद केली आणि एकच बाजू उघडी ठेवली. माझा आक्षेप नावाला नाही, या समजुतीला आहे.

या समजुतीचे टोक पाहावयास आपल्याला दूर जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात, पिंपरी मेघे येथे १४ नोव्हेंबर १९४८ रोजी एक कन्या जन्मास आली. ती नको असलेली, म्हणून तिला ‘चिंधी’ म्हणत. विदर्भात मुलांनाही उकंडा, धोंडू, दगडू, चिंधू अशी नावे ठेवण्याची चाल होती. परंतु ती लेकरू जगावे, त्यास दृष्ट लागू नये म्हणून. मुलाची चिंधी हे कवच होते, मुलीची चिंधी हा निकाल होता. ती कन्या पुढे सिंधुताई सपकाळ झाली. जिला घराने फाटके वस्त्र म्हटले, तिने शेकडो अनाथ लेकरांना पदराखाली घेतले. २०२१ साली तिला पद्मश्री जाहीर झाली आणि ४ जानेवारी २०२२ रोजी ती निवर्तली, तेव्हा महाराष्ट्र तिला ‘माई’ या नावाने ओळखत होता. हे नाव तिला कोणी बारशाला दिले नव्हते. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये ‘नकोशी’ नावाच्या २८० हून अधिक मुलींचे समारंभपूर्वक नव्याने नामकरण करावे लागले. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८९४ भरल्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. नाव बदलणे सोपे, नकोसेपण काढणे कठीण.

म्हणून ज्या वडिलांना खरोखरच कन्या पुत्रासमान वाटते, त्यांना माझा एकच प्रश्न आहे. पाळण्यात तिला मुलाचे नाव दिलेत. सातबाऱ्यावर तिचे नाव कोठे आहे? महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. तो हक्क जन्मानेच मिळतो, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तरीही आपल्या घरांत काय चालते, हे सभेस सांगण्याची गरज नाही. वडिलांचे दिवस होतात न होतात तोच बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. ‘सही केली नाहीस तर माहेर तुटेल, भाऊबीज बंद होईल’, हे कोणी उघड म्हणते, कोणी नजरेने सांगते. बहीण राजीखुशीने हक्क सोडत असेल तर कायद्याची आडकाठी नाही. पण माहेर तुटण्याच्या भीतीने केलेली सही राजीखुशीची कशी म्हणावी? ज्या घरात ‘ही आमचा मुलगाच’ असे वीस वर्षे म्हटले, त्याच घरात जमिनीचा फेरफार होताना ती एकाएकी मुलगी होते. हा न्याय नव्हे.

नावाची दुसरी परीक्षा लग्नात होते. ताटातल्या तांदळावर नवे नाव लिहून सासरी तिचे जुने नाव पुसण्याची चाल आपण अजून पाळतो. भारतातल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, हे किती जणांस ठाऊक आहे? हौसेने ठेवलेले ‘किरण’ जर अक्षतांबरोबर पुसले जाणार असेल, तर त्याचा अभिमान तो कसला? कायद्याने नाव बदलण्याची सक्ती मुळीच नाही. शासनानेही एक पाऊल पुढे टाकले आहे. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहावयाचे आहे.

भगिनी-बंधूंनो, केवळ उपदेश करून थांबणे बरे नव्हे, म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, या स्मरणिकेतील गुणवंत विद्यार्थ्यांची यादी आणि वधू-वर परिचय यांत प्रत्येकाच्या नावापुढे आईचे नाव छापावे, मग त्याचे जन्मवर्ष कोणतेही असो. दुसरी, आपल्या सामूहिक विवाह सोहळ्यांत वधूचे नाव बदलण्यापूर्वी तिला विचारले जावे आणि तिचा नकार निमूटपणे मान्य व्हावा. तिसरी सूचना अवघड आहे, पण तीच खरी. कार्यकारिणीच्या सभासदांनी प्रथम आपल्या घरच्या सातबाऱ्यावर बहिणीचे व कन्येचे नाव चढवावे आणि पुढील मेळाव्यात ते सभेस सांगावे.

मुलीचे नाव किरण ठेवा, शशी ठेवा, गोदावरी ठेवा अथवा शकुंतला. आत्याबाईंना आवडेल ते ठेवा. तिला मुलगा मानण्याचे मात्र कृपा करून सोडून द्या. तिला मुलगीच माना, आणि मुलगी म्हणून तिचे जे आहे ते तिला द्या.